बर्फाचं काय घेऊन बसलात!

मी स्वीडनला चाललोय हे पवनीत घरी सांगितलं, तेव्हा सगळ्यात आधी आजी बोलली. "डोरे धड नाही पोराचे, अन् बर्फात कायले धाडता त्याले?" मग मोठे बाबा बोलले, मग मामाजी, मग शेजारच्या काकू, मग नागपूरहून फोनवर मावशी. पगार किती, हे कुणीही विचारलं नाही. आमच्याकडे हे अघटित आहे. सगळ्यांना एकच काळजी होती. थंडी, बर्फ, घसरणं, आणि माझे डोळे.

ही २०२३ सालची गोष्ट. त्यानंतर उमेओ नावाच्या शहरात माझे तीन हिवाळे काढून झाले. पवनी २१ अक्षांशाच्या किंचित खाली आहे, उमेओ ६४ च्या किंचित खाली. हातपाय शाबूत आहेत. पण 'बघा, जमलं की नाही' असं सांगायला मी बसलेलो नाही. दिव्यांग माणसाची यशोगाथा वाचून लोकांना जे गहिवरून येतं, त्याचा मला मनापासून कंटाळा आहे. (दिव्यांग या शब्दाचाही. माझ्या डोळ्यांत दिव्य काही नाही.) मला त्या प्रश्नाशी भांडायचं आहे. तो काळजीसारखा दिसतो, म्हणून त्याच्याशी कुणी भांडत नाही.

आधी डोळ्यांचं सांगतो. आजाराचं नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा. जगात साधारण ४,००० जणांत एकाला असतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी अंधारात दिसायचं बंद होतं, मग कडा जातात, मग नळीतून बघितल्यासारखं मधलं वर्तुळ तेवढं उरतं. माझं वर्तुळ आता १० अंशांच्या आत आलंय, म्हणजे आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मी अंध आहे. तरीही समोर बसलात तर तुमच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचीन. तुमचा पुढे केलेला हात मात्र दिसणार नाही. यामुळे निम्मे लोक मला आंधळा समजतात आणि निम्मे लबाड. "मोबाइल तर पाहते ना बरोब्बर!"

झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. सातवीत असताना शेजारच्या गावचं नाटक बघून आम्ही पोरं पायी परतत होतो. बाकीचे चांदण्यात धुऱ्यावरून सरळ चालले होते, आणि मी चार वेळा बांधीत पडलो. त्यांना वाटलं मला झोप येतेय. मलाही तेच वाटलं. सगळ्यांना रात्री एवढंच दिसतं, अशी माझी समजूत होती. आजीनं मात्र रातांधळेपणा ओळखला आणि गाजर, पपई, शेवग्याचा पाला, कलेजी असा मारा दोन वर्षं चालला. जीवनसत्त्व अ कमी पडल्यामुळे येणारा रातांधळेपणा अशानं जातो. माझा जनुकांतून आलेला. आई-बाबा नात्यातले, आत्ये-मामेभावंडं. दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत माझ्याकडे आली, आणि माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या बहिणीकडेही आली. तिच्याबद्दल पुढे.

आता काळजीकडे येतो.

इंजिनिअरिंगला असताना एका शहरात, नाव मुद्दाम सांगत नाही, संध्याकाळी सात वाजता मी उघड्या गटारात पडलो. हनुवटीला पाच टाके. ज्यांनी मला वर काढलं ती देवमाणसं होती. पाणी दिलं, रिक्षात घातलं, दवाखान्यात थांबले, रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत. आणि सगळे एकच वाक्य बोलत होते, "दादा, पाहून चालायचं ना." घरी कळल्यावर घरचे म्हणाले, "संध्याकाळी बाहेर कायले गेला होता?" गटाराच्या झाकणाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. मी कॉलेजला जायची वाट बदलली. अर्धा किलोमीटर लांब पडायची.

त्या दिवशी काळजी करणारी माणसं आणि २०२३ मध्ये बर्फाची काळजी करणारी माणसं एकच आहेत. त्यांचं प्रेम खोटं नाही. पण ओळखीच्या खड्ड्याला माफ करायचं आणि अनोळखी बर्फाला घाबरायचं, ही जी सवय आहे ती मला आता सोसवत नाही. मे महिन्यात ४६ अंशांत तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाणाऱ्या जिल्ह्यातली माणसं उणे दहाचं नाव काढलं की शहारतात, याचं हसू येतं. त्यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. खड्डा म्हटला की तो कुणीतरी बुजवायचा होता, आणि त्या कुणाशी तरी भांडावं लागतं. बर्फ देवानं पाडलेला. त्याच्या नावानं बोटं मोडली की काम संपलं.

शिवाय आमच्या तालुक्याला स्थलांतर काही नवं नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि वैनगंगेच्या फुगवट्यात गावंच्या गावं उठली. उठलेल्यांत डोळ्यांनी अधू असलेले, पायांनी अधू असलेले, ऐंशीच्या घरातले म्हातारे असणारच. विहिरीची वाट, देवळाची पायरी, घराचा उंबरा त्यांना पायांनी पाठ झालेला असणार. 'नव्या जागी तुम्हाला जमेल का हो?' असं विचारत त्यांच्या दारी कुणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. हा प्रश्न आपण स्वतःच्या मर्जीनं निघालेल्या माणसापुरता राखून ठेवतो.

हे फक्त घरचे करतात असं समजू नका. उल्हासनगरची प्रांजल पाटील आठवते? सहाव्या वर्षी दृष्टी गेली, पुढे दिल्लीला जेएनयूत शिकली. पहिल्यांदा यूपीएससीत ७७३ वा क्रमांक आला, रेल्वेच्या लेखा सेवेसाठी नाव निघालं, आणि शंभर टक्के अंधत्वाचं कारण सांगून रेल्वेनं घेतलं नाही. पुढच्याच परीक्षेत तिचा क्रमांक १२४ वा आला आणि ती आयएएस झाली. पेपरांनी तिच्या जिद्दीवर पानं भरली. पण जिद्द तिच्यात पहिल्या खेपेलाही होतीच ना? दोन परीक्षांच्या मध्ये तिचे डोळे सुधारले नव्हते. 'तुला जमणार नाही' हे तिच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं, आणि ते ठरवणाऱ्यांवर एकही यशोगाथा निघाली नाही.

आता बर्फाबद्दल खरं सांगतो, कारण मी तिकडची जाहिरात करायला बसलो तर आजीशी बेइमानी होईल. बर्फ अवघड आहे.

फुटपाथवरच्या उंचवट्यांच्या फरशा तुम्ही मेट्रो स्टेशनवर पाहिल्या असतील, पिवळ्या. जपानमध्ये सेइइची मियाके नावाच्या माणसानं त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. काठीच्या टोकाला, बुटाच्या तळव्याला त्या बोलतात. बर्फ पडला की त्या गप्प होतात. फुटपाथ कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हे कळत नाही, कारण दोन्हींच्या मधली पायरी गाडली गेलेली असते. काठीचं टोक रुततं. ताजा बर्फ आवाज गिळतो. एरवी भिंत जवळ आली की पावलांचा आवाज बदलतो, गल्लीचं तोंड आलं की हवा मोकळी होते, हे सगळं आमच्यासारख्यांना डोळ्यांइतकंच कामाचं असतं, आणि ते कापूस कोंबल्यासारखं बंद होतं. त्यात कानटोपी. कान झाकावे तर ऐकू येत नाही, उघडे ठेवावे तर दहा मिनिटांत बधिर होतात. हातमोजे घालून फोनचा स्क्रीन रीडर चालत नाही, आणि हातमोजे काढले तर उणे पंधरात फोनच मान टाकतो. बाहेरून दुकानात शिरलं की चष्म्यावर वाफ, म्हणजे उरलेलं वर्तुळही गेलं.

आणि काठी पांढरी! पांढरी काठी हे खरं तर गाडीवाल्यासाठी असतं, त्याला दुरून दिसावी म्हणून. पांढऱ्याशुभ्र रस्त्यावर ती कुणाला दिसणार? पहिल्या हिवाळ्यात हे लक्षात आलं तेव्हा मी भर चौकात एकटाच हसलो होतो. आता काठीवर चमकणारी पट्टी आहे आणि कोटाला इथल्या सगळ्या लहान पोरांसारखी चकाकती बिल्ली लटकते.

अंधाराचं म्हणाल तर डिसेंबरात सूर्य साडेनऊच्या आसपास उगवतो आणि दोनच्या आत मावळतो. रातांधळ्या माणसानं अशा ठिकाणी जायचं म्हणजे पोहता न येणाऱ्यानं नावाडी व्हायचं, असं मलाही वाटलं होतं. पण सगळ्यात वाईट महिना नोव्हेंबर निघाला, बर्फ नसलेला. ओला, काळा, काहीही न दिसणारा. बर्फ पडला की खांबावरच्या दिव्यांचा उजेड जमिनीवरून परत वर येतो आणि मला आकार दिसायला लागतात. ज्या बर्फाची पवनीत भीती घातली होती, त्याची मी नोव्हेंबरभर वाट बघतो.

जूनबद्दल घरी कुणी काही विचारलंच नव्हतं. जूनमध्ये इथे रात्र म्हणावी अशी होत नाही. पहिल्या वर्षी रात्री साडेअकराला मी नदीकाठी एकटा फिरायला गेलो. गावाला नदी आहे, पवनीसारखीच. काठी घडी करून खिशात. अठ्ठावीस वर्षांत रात्री साडेअकरा वाजता मी कुणाचा खांदा न धरता कधीच चाललो नव्हतो. एका बाकावर बसलो आणि एक वाजेपर्यंत उठलो नाही. बाकी काही घडलं नाही.

२०२४ च्या जानेवारीत, माझा पहिलाच हिवाळा, उत्तर स्वीडनच्या आतल्या भागात पारा उणे ४३ च्या खाली गेला. मराठी बातम्यांतही आलं. घरून दिवसाला तीन फोन. मी कामावर जात होतो, बसनं. बस प्रत्येक थांब्याचं नाव बोलते. पहिले दोन महिने मला त्यातलं एकही कळलं नाही, कारण ती स्वीडिशमध्ये बोलते आणि माझ्या कानाला सगळी नावं सारखीच लागायची. मी थांबे मोजत बसायचो. पण ती बोलत होती. सिग्नलचा खांबसुद्धा बोलतो. लाल असताना सावकाश टकटक, हिरवा झाला की भरभर. आपल्याकडे राज्य सरकार दिव्यांग माणसाला एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत देतं. चांगलं आहे, मी घेतलेली आहे. पण कोणतं गाव आलं हे सांगणारा आवाज त्या तिकिटात येत नाही. सवलत दिली की दयाळूपणा दिसतो, आवाज बसवला तर माणूस स्वतः उतरून जातो आणि आभार मानायला उरत नाही.

बर्फ पडल्यावर कोणता रस्ता आधी साफ करायचा, हेही आभाळातून ठरून येत नाही. स्वीडनमध्ये कार्ल्सकोगा नावाच्या छोट्या शहरानं तपासलं, तर आधी मोठे रस्ते म्हणजे गाड्या, आणि फुटपाथ शेवटी, असा क्रम होता. गाड्या जास्त करून पुरुष चालवत होते आणि पायी, सायकलनं, बसनं जास्त करून बायका जात होत्या. त्यांनी क्रम उलटा केला. मग स्टॉकहोमनं तेच करायला घेतलं. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथे एकाएकी प्रचंड बर्फ पडला, सगळं शहर ठप्प झालं आणि जगभरच्या लोकांनी या 'समानतेच्या बर्फसफाई'ची टिंगल केली. करू देत. मला त्यातली एकच गोष्ट कामाची वाटते. शेकडो वर्षं बर्फ पडणाऱ्या देशातही 'फुटपाथ आधी की गाडीरस्ता आधी' हा प्रश्न कुणीतरी विचारावा लागला. तो विचारेपर्यंत सगळ्यांना ते हवामानच वाटत होतं.

माझ्या घराजवळच्या चौकात नांगरगाडीनं सारलेल्या बर्फाचा ढीग बरोबर रस्ता ओलांडायच्या जागी साचायचा. गुडघ्याएवढा. मी महिनाभर त्याला वळसा घालून, रस्त्यावर उतरून जात होतो. वाट बदलायची माझी जुनी सवय. ऑफिसातल्या एका बाईंनी हे पाहिलं आणि विचारलं, "कळवलंस का?" कुणाला कळवायचं, असं मी म्हणालो तेव्हा त्यांना माझा प्रश्न समजला नाही आणि मला त्यांचा. त्यांनी नंबर दिला. मी फोन केला. दोन दिवसांनी ढीग गेला. फोनवरच्या माणसानं माझी चौकशी केली नाही, काळजी घे म्हणाला नाही, घरी कोण कोण असतं विचारलं नाही. चौकाचं नाव लिहून घेतलं.

माणुसकीचं म्हणाल तर ती पवनीत जास्त आहे, यात वादच नाही. इथे बर्फात पडलो तर लोक थांबतात, पण विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. पवनीत मी किल्ल्याच्या दरवाज्यापाशी नुसता उभा राहिलो तरी कुणीतरी दंड धरून मला रस्त्यापलीकडे नेऊन सोडतं. मला पलीकडे जायचं होतं का, हा मुद्दा गौण. मला ती माणसं हवीहवीशी वाटतात, डिसेंबरात तर फार. इथला एकटेपणा खराच आहे, त्याला कुठला नंबर नाही. पण हेही सांगतो, दंड धरणारी दहा माणसं एका झाकणाची भरपाई करू शकत नाहीत. ती असतात म्हणूनच झाकण नसलं तरी चालतं, असा मला आता दाट संशय आहे.

इथवर वाचून काहींनी मान डोलावली असेल. "बरोबर आहे भाऊ, तुम्हा लोकांसाठी बाहेरचेच देश चांगले." हे दुसरं टोळकं. बहुतेक माझ्याच वयाचं, माझ्याच धंद्यातलं, पुण्या-बंगळुरातलं. बर्फाला घाबरणाऱ्या आजीपेक्षा मला यांचा राग जास्त येतो.

हे लोक टी. व्ही. रामन यांचं उदाहरण देतात. पुण्यात वाढलेले, चौदाव्या वर्षी पूर्ण दृष्टी गेलेले. पुढे अमेरिकेत कॉर्नेलला गेले. ते इथाका गावही चांगलंच बर्फाचं आहे. तिथे १९९४ मध्ये त्यांनी गणिताची समीकरणं आवाजातून वाचून दाखवणारी प्रणाली बांधली आणि तिला आपल्या वाटाड्या कुत्र्याचं नाव दिलं, ॲस्टर. पुढे गूगलमध्ये गेले. 'गेले म्हणून झालं,' असं या गोष्टीचं तात्पर्य सांगतात. पण जाण्याआधी या माणसानं पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र केलं होतं. भावानं आणि इतरांनी पुस्तकं वाचून दाखवली, यांनी ती डोक्यात साठवली. म्हणजे इथल्या दोन संस्थांनी त्यांना शिकवलं, आणि शिकण्यासाठी लागणारी साधनं घरच्यांनी स्वतःच्या घशातून पुरवली. ज्याच्या घरी वाचून दाखवणारा भाऊ नव्हता, त्याचं काय झालं? त्याची गोष्ट आपल्याकडे नाही, म्हणून तो झालाच नाही असं आपण धरून चालतो.

आणि 'बाहेर जा' हा सल्ला नेमका कुणासाठी असतो? मला इंजिनिअरिंगची पदवी होती, इंग्रजी होतं, बाबांचं कृषी केंद्र होतं, पासपोर्टसाठी नागपूरला चार खेपा घालायला पैसे होते. पवनी तालुक्यातल्या किती डोळे अधू असलेल्या पोरांना हे जमेल? फुटपाथवर न पडता चालता येणं हा हक्क असेल तर त्याला व्हिसा लागता कामा नये.

आता माझ्या जातभाईंना, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना, एक गोष्ट सांगतो. ही मी स्वतः पाहिलेली आहे. पुण्यात आमची टीम दोन ॲप बनवत होती, एक युरोपातल्या ग्राहकासाठी आणि एक भारतातल्या. युरोपीय संघाचा सुगम्यतेचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू होणार होता, त्यामुळे युरोपच्या ॲपमध्ये खूप आधीपासून काम सुरू झालं. प्रत्येक बटनाला नाव, अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगात पुरेसा फरक, स्क्रीन रीडर लावून चाचणी. ते काम झाल्याशिवाय रिलीज नाही. हेच काम मी भारतातल्या ॲपच्या यादीत टाकलं. उत्तर आलं, "नंतर बघू, आपले युजर तसे नसतात." मी त्याच मीटिंगमध्ये, त्याच टेबलाशी बसलो होतो.

बटनाला नाव द्यायला कोडची एक ओळ लागते. ती ओळ लिहिणारे हात तेच होते, खुर्ची तीच, कॉफी तीच, पुण्याची हवा तीच. सकाळी युरोपसाठी आम्हाला ती ओळ लिहिता येत होती आणि दुपारी जेवण झाल्यावर येत नव्हती. तेव्हा 'आपली संस्कृतीच तशी', 'आपला देश गरीब', 'लोकसंख्या किती', असली कारणं मला सांगू नका. एका बाजूला दंड होता आणि दुसऱ्या बाजूला आमचं मन मोठं होतं, एवढाच फरक.

बरं, आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. २०१६ च्या कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले. २०२२ चा जून येऊन गेला. त्याच वर्षी महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढायचं ठरवलं, देशातला पहिला म्हणून टाळ्याही झाल्या. राजीव रातुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेसाठी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं सांगितलं की सरकारनं केलेला नियम नुसत्या सल्ल्यासारखा आहे, तो कायद्याशी जुळत नाही, सक्तीचे मानदंड करा. एकोणीस वर्षं गेली, 'करावे' ऐवजी 'केलेच पाहिजे' लिहा, एवढं म्हणून घ्यायला. पुढे ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं आणि केवायसीच्या बाबतीत २० निर्देश दिले. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा, असं सांगणाऱ्या ॲपपुढे आंधळ्या माणसानं आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा जळलेल्या बाईनं काय करायचं, हा तो खटला होता. स्वीडनमध्ये सुगम्यता न पुरवणं हा २०१५ पासून कायद्यानं भेदभाव मानला जातो. म्हणजे कागदावर आपण दहा वर्षांनीच मागे आहोत. आमच्या धंद्यात दहा वर्षं मागचं सॉफ्टवेअर लोक रोज वापरतात. अपडेट करायला कुणी बसलं तर.

आता बहीण. एकोणीस वर्षांची आहे, माझ्यासारखंच वर्तुळ आहे, अजून जरा मोठं. घरात तिच्यावरून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कुठे पाठवू नका, घराजवळ बी.ए. करू द्या, लग्नाचं बघू. दुसरा म्हणतो, भावाकडे पाठवून द्या, तिकडे तिचं होईल. एकाला बर्फ वाईट वाटतो आणि एकाला चांगला. पवनीत तिच्यासाठी काय बदलायला हवं, हे दोन्ही पक्षांच्या बोलण्यात येत नाही.

मीही काही वेगळा वागलो नाही, हे इथेच लिहून टाकतो. उमेओत मी काठी घेऊन चालतो. नागपूर विमानतळावर उतरलो की ती घडी होऊन बॅगेत जाते. पवनीत मी आजवर ती उघडलेली नाही. लोक काय म्हणतील, आईला कसं वाटेल, बहिणीचं जमायला त्रास होईल, अशी कारणं मी स्वतःला देतो. शेवटचं कारण तर एकदा तिच्यासमोरच बोलून गेलो.

गेल्या दिवाळीत घरी होतो तेव्हा तिनं माझी बॅग उपसून ती काठी काढली. अंगणात फटाफट उघडली, ठोकून बघितली. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. "घाटावर जाऊन येतो," म्हणाली. आई आतून ओरडली, "ठेव ते आत, लोक पाहून राहिले ना." मीही म्हणालो, "उद्या सकाळी जाऊ." ती निघालीसुद्धा. अंधारात मला तिच्यापेक्षा कमी दिसतं, आणि काठी तिच्याकडे होती, म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. वैजेश्वर घाटापर्यंत आम्ही तसेच गेलो. वाटेत उभ्या केलेल्या मोटारसायकली, एक ओटा, एक बसलेली गाय. गाईला काठी लागली तेव्हा बहीण "सॉरी" म्हणाली. दोन बायांनी विचारलं, काय झालं हिच्या डोळ्यांना. ती म्हणाली, "पहिलेपासूनच आहे काकू." पायऱ्या तिनं मोठ्यांदा मोजल्या, माझ्यासाठी.

काठी मी तिथेच सोडून आलो. इथे दुसरी घेतली.

परवा तिचा फोन आला. दिव्यांग सवलतीसाठीचा कुठलासा ऑनलाइन फॉर्म भरत होती, मोबाइलवर, स्क्रीन रीडर लावून. उमेओत चार वाजले होते आणि काळोख पडून दोन तास झाले होते. नाव भरलं, टक्केवारी भरली, प्रमाणपत्राचा फोटो चढवला. शेवटच्या पानावर अडली. फोनचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. "बटन," मग "बटन," मग पुन्हा "बटन."

"दादा, एक पुसायचं असन अन् एक पाठवायचं असन. कोणतं दाबू?"